पडद्याची बायकांकडची बाजू

राजमतीनं मान वाकडी केली, एक डोळा मिटला आणि पडद्यावरची उलटी अक्षरं मोठ्यानं वाचून काढली.

“‘यातली माणसं खरी आहेत. नावं बदलली आहेत.’”

“वा वं माय!” मागून सुंदरबाईनं दाद दिली. “पोट्टी सुलटंही वाचते न् उलटंही वाचते. इचा नवरा काय करंन बिचारा?”

बायका हसल्या. राजमतीची आई अंगुरीबाई हसली नाही. तिनं लेकीच्या ओढणीचं टोक धरलं आणि तिला खाली बसवलं.

कामरगावच्या शाळेच्या मैदानावर दोन बांबूंना पांढरा पडदा ताणून बांधला होता. पडद्याच्या पलीकडे नागपूरच्या एका संस्थेची गाडी, गाडीत यंत्र आणि यंत्रासमोर गावातले सगळे बाप्ये. अलीकडे बायका. बाप्यांच्या शेजारी बसायचं नाही म्हणून बायका कायमच पडद्याच्या मागच्या बाजूला बसत. चित्र इकडूनही तेवढंच दिसायचं, फक्त उलटं. त्याचं कुणाला काही वाटत नसे. मागच्या वर्षी देवाचा सिनेमा आला तेव्हा देवानं डाव्या हातानं आशीर्वाद दिला होता आणि बायकांनी तो पदर पसरून घेतला होता.

आज सिनेमा देवाचा नव्हता. मुंबई-मद्रासकडे चोरून ज्या घाणेरड्या फिती निघतात, त्यांच्यावरचा माहितीपट होता. त्यात काम करणाऱ्या बाया तिथं कशा पोचतात, त्यांना कोण नेतं, पैसा कुणाच्या खिशात जातो, एवढंच सांगणार होते. तसलं काहीसुद्धा दाखवणार नाही, असं संस्थेच्या ताईंनी भोंग्यावरून पुन्हा पुन्हा बजावलं होतं. सकाळी तो भोंगा वाजला तेव्हा अर्धं गाव शेतात पळालं होतं. आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं, पण भोंग्याची गाडी आली की तिच्यातून डॉक्टर उतरतो आणि बाप्यांना नसबंदीला धरून नेतो, हे कुणी विसरलं नव्हतं. गाडीतून डॉक्टर नव्हे तर जाड चष्म्याच्या ताई उतरल्या, तेव्हा कुठे माणसं धोतराला लागलेली कुसळं झाडत परत आली.

जैनांच्या घरची जेवणं दिवस मावळायच्या आत उरकतात, त्यामुळे अंगुरीबाईनं जाजम अगदी पडद्याला खेटून टाकलं होतं. त्यांच्या मागे गावातल्या बाया होत्या आणि सगळ्यात कडेला, बाभळीखाली, बंजारा तांड्यावरच्या बाया. राजमती मॅट्रिकला होती. कारंज्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळवल्यापासून तिला एका जागी बसवत नव्हतं. जगात जेवढं काही होतं त्या सगळ्याबद्दल तिला काही ना काही सांगायचं असायचं.

पडद्यावर एक माणूस खाणावळीत जेवता जेवता बोलत होता. मुली कुठून येतात ते सांगत होता, भाताचे घास घेत.

“पाह्य वं, डाव्या हातानं जेवून राह्यला मेला!”

“मघाचा तोही डाव्याच हातानं लिहून राह्यला होता. मुंबईले सारे डावखुरेच पैदा होते काय?”

राजमतीनं लगेच तोंड उघडलं. पडद्याच्या मागून पाहिलं की उजव्याचं डावं दिसतं, हे तिला माहीत होतं. शाळेच्या प्रदर्शनात तिनं आरशाचा प्रयोग करून दाखवला होता. पण तेवढ्यात चित्र बदललं आणि ती पाहतच राहिली.

एक खोली. खाली बसलेली एक बाई. चेहरा नव्हताच. गळ्याच्या खालीच चित्र सुरू होत होतं. मांडीवर ताट, ताटात तांदूळ. तिचा आवाजसुद्धा तिचा नव्हता. ओळख पटू नये म्हणून तिचं बोलणं दुसरीच बाई सांगत होती, स्वच्छ शहरी मराठीत. “गर्दीत उभं राहायचं काम आहे, असं मला सांगितलं होतं,” तो आवाज म्हणाला. “त्या दिवशी खोलीत गर्दी नव्हती.”

वारा आला. पडदा फुगला आणि बसला. बाईची बिनडोक्याची छाती श्वास घेतल्यासारखी वरखाली झाली. कुणीतरी “माय” म्हणालं.

बाई डाव्या हातानं खडे वेचत होती. ताट धरलेल्या उजव्या हाताच्या करंगळीला शेवटचं पेर नव्हतं. तिनं एक खडा उचलला आणि मागं न पाहता खांद्यावरून भिरकावून दिला.

राजमती पुढं झुकली. हा खडा तिनं लहानपणापासून पाहिला होता. वडिलांच्या, माणिकचंदांच्या दुकानामागच्या पडवीत धनीबाई धान्य निवडायला यायची, ती खडा असाच टाकायची. तिच्या शेजारी तिची लेक हेमली बसायची आणि तीही असाच टाकायची. माणिकचंद ओरडायचे, “अवं, गिऱ्हाइकाचे डोये फुटतीन ना!” मग दोघी मायलेकी एकदमच हसायच्या. हेमलीच्या करंगळीचं पेर कारंज्याला सरकी काढायच्या यंत्रात गेलं होतं. डाव्या करंगळीचं.

राजमतीनं हळूच मागं पाहिलं. ती एकटीच नव्हती. तांड्यावरच्या सगळ्या बाया धनीबाईकडे पाहत होत्या.

हेमलीचं नाव तांड्यात कुणी घेत नसे. नवरा वारल्यावर ती एका मुकादमाबरोबर मुंबईला कामाला गेली. वर्षभरानं रस्त्याच्या कामावरून परतलेल्या तांड्यातल्या एकानं नायकाच्या, मोहनसिंगाच्या, कानात काहीतरी सांगितलं. पंच बसले. हेमली मेली, असं ठरलं. बापानं, सेवादासनं, तिच्या नावाचं मडकं फोडलं. तेरवीचं जेवण झालं, आणि त्या जेवणाचे तांदूळ माणिकचंदांच्याच दुकानातून गेले होते. ते तांदूळ निवडले होते धनीबाईनं. त्या दिवशी तिनं एकही खडा मागं टाकला नव्हता. सगळे खडे ओच्यात गोळा करून घेऊन गेली होती.

तेव्हापासून ती बोलायची कमी. कारंज्याकडून यष्टी आली की हात मात्र थांबायचे. गाडी निघून गेल्यावर पुन्हा चालायचे.

बाभळीखालून एक दबका आवाज आला. “धने, बोट...”

“पाह्यलं,” धनीबाई म्हणाली. ती मोठ्यानं बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “माह्या पोरीचं डावं होतं. इचं उजवं हाय. डोये फुटले काय तुमचे?”

बायांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. हाव, उजवंच होतं. सगळ्यांचा श्वास सुटला. कुणीतरी सुपारीची चंची उघडली.

राजमती उठली. अंगुरीबाईनं ओढणी धरेपर्यंत ती बांबूपाशी पोचलीसुद्धा होती. पडद्याच्या अगदी कडेला आली तेव्हा एक क्षण तिला काहीच दिसलं नाही. पडदा दोरीएवढा बारीक झाला होता आणि ती बाई कुठंच नव्हती, इकडेही नाही आणि तिकडेही नाही. नुसता आवाज होता, तोही तिचा नाही. राजमतीनं पुढं पाऊल टाकलं आणि बाप्यांच्या बाजूनं वर पाहिलं.

बाई उजव्या हातानं खडे वेचत होती. पेर डाव्या करंगळीचं गेलं होतं.

बाप्यांच्या एका टोकाला तांड्यावरची माणसं बसली होती. यंत्राचा उजेड त्यांच्या तोंडांवर हलत होता. सेवादासनं दुपट्ट्याचं टोक दातांत धरलं होतं. मोहनसिंग नायक काठी मांडीवर आडवी ठेवून ताठ बसला होता. दोघं एकमेकांकडे पाहत नव्हते. कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं.

चित्र संपलं. पडदा पांढराफटक झाला. बायकांच्या मागे गॅसबत्ती पेटवली गेली.

“आता तुमचं मत सांगा,” ताई माइकवर म्हणाल्या. “चांगलं, वाईट, काहीही. आम्हाला ते ऐकायचंय. त्यासाठीच गावोगाव फिरतोय.”

आधी कुणी उठेना. मग हायस्कूलचे बबनराव मास्तर उठले आणि संस्कारांवर बोलले. त्यांच्या बोलण्यात शेवट जवळ आल्यासारखा वाटायचा आणि पुन्हा लांब जायचा. मग एक जण म्हणाला, अशा बायांची नावं पेपरात छापली पाहिजेत. दुसरा म्हणाला, गाव नासवायला असा सिनेमा दाखवताच कशाला? मागून कुणीतरी विचारलं, “ताई, दुसरा भाग कवा हाय?” आणि हशा पिकला. हशा ओसरला तसा पानठेलेवाला बसल्या जागेवरूनच बोलला.

“मी म्हनतो, त्या बाईचं डाव्या हाताचं बोट तुटलेलं होतं. असं बोट आपन कुठी पाह्यलं हाय ना राजेहो? इकडंच, तांड्याकडं?”

कुणी हसलं नाही. मोहनसिंगानं काठीवरची मूठ आवळली.

“बायकांचं मत राहिलं,” ताई घाईनं म्हणाल्या. “बायका माइकवर येणार नाहीत, बरोबर ना? कुणी मुलगी त्यांच्याकडून विचारून येऊन सांगेल का?”

बबनराव मास्तरांना बोट दाखवावंच लागलं नाही. सगळ्या माना राजमतीकडे वळल्या होत्या. एरवी तिला आनंदानं उडी मारावीशी वाटली असती. माइक! खरा, तारेचा, गोल जाळीचा माइक. ती नुसती मान हलवून पुन्हा पडद्यामागे गेली.

बायांनी तिला गराडा घातला.

“सांग त्याईले, मी त सुरुवातीपासून डोये मिटून बसली होती,” एक म्हातारी म्हणाली. “मधात जरासे उघडले त नुसत्या खुर्च्याच. एवढं पेट्रोल जाऊन आले, दाखोलं काय, त खुर्च्या!”

“मंग उघडले कायले?”

“संपलं का पाहाले.”

“आमी काही पाहिलं नाही,” अंगुरीबाई म्हणाली. “आमी पदर घेतला होता डोक्यावरून.”

“मंग रडली काहून, अंगुरीबाई?”

“धूळ गेली.”

सुंदरबाईनं राजमतीचं मनगट पकडलं. ती कासाराची, बांगड्या भरणारी. बोलायला लागली की मनगट पकडायची तिला सवयच होती. “माह्यं असं म्हननं हाय. नेनारा दाखोला, फीत काढनारा दाखोला, बाई दाखोली. पैसे देऊन पाहाले जाते कोन, थो कुठी दाखोला? त्या फिती काय बाया पाह्यते? जे पाह्यते त्यायचं तोंड दाखवा म्हना एकडाव. आमीबी पाहू कोनकोन ओळखीचा निंघते त.”

“सांगू असंच?” राजमतीनं विचारलं.

“असंच. माह्यं नाव घे खुशाल. कासार काय करंन, बांगड्या फोडंन? घरच्याच हायत.”

हसण्याच्या मागून धनीबाई आली. बाया आपोआप बाजूला झाल्या. ती राजमतीसमोर उभी राहिली. तिच्या ओढणीवरच्या आरशांत गॅसबत्तीचा उजेड तुकड्यातुकड्यानं हलत होता.

“राजूबाई, माह्यं एक सांग.”

“सांगते ना, धनीमावशी.”

“त्या बाईले कोनी नसंन, त माह्या घरी येऊ द्या म्हना. भाकर हाय. खाट हाय. मी धान निवडाले जातो, तिलेही येते. पाह्यलं मी, चांगलं निवडते.”

तांड्यावरच्या बायांत कुजबुज झाली. त्यांतली एक म्हणाली, “परकी बाई घरात घेतं? नायक काय म्हनंन?”

“परकीच हाय ना,” धनीबाई म्हणाली. “परक्या पावन्यासाठी नायकाले कायले विचारा लागते? आपल्याच मानसासाठी इचारा लागते.”

राजमतीच्या जिभेवर सगळं तयार होतं. मावशी, आपण मागच्या बाजूला बसलो होतो. मागून उलटं दिसतं. जेवणारा आठव, लिहिणारा आठव. ती डावी करंगळी होती मावशी, डावीच. आणि ती जिवंत आहे. एवढं सगळं एका दमात सांगता आलं असतं. तिनं तोंड उघडलं.

धनीबाई तिच्याकडे पाहत होती. काही विचारत नव्हती. ज्याचं आधीच विचारून झालं आहे, अशा माणसाचं ते पाहणं होतं. पण राजमतीला नक्की कळेना.

“सांगशीन?”

राजमतीनं तोंड मिटलं आणि मान हलवली.

माइक थंड होता आणि त्याला रॉकेलचा वास येत होता. राजमतीनं ओढणी खांद्यावर सारली. वक्तृत्वात शिकवतात तसं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाहिलं आणि सुरुवात केली. म्हातारीच्या खुर्च्या सांगितल्या. हशा झाला. आईच्या डोळ्यांतली धूळ तिनं गाळली. सुंदरबाईचं सांगितलं, नाव घेऊन, जसंच्या तसं. त्यावर हशा झाला नाही. बरेच बाप्ये चपला शोधल्यासारखे खाली पाहायला लागले. पडद्यामागून मात्र एक जोरदार “हाव!” आला.

“आणि तांड्यावरची धनीबाई म्हणाली,” राजमती पुढं म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला, “की त्या बाईला कुणी नसेल, तर तिनं माझ्या घरी राहायला यावं.”

मग पानठेलेवाला हसला. “घ्या! म्या काय म्हनलं होतं? मायनं वयखलं!”

“नाही ओळखलं,” राजमती म्हणाली. “ती परकी बाई आहे. त्या बाईचा उजवा हात होता. हेमलीचं डावं बोट होतं.”

ते नाव माइकवरून मैदानभर गेलं. भिंतीवर आदळून परत आलं. किती दिवसांनी ते कुणीतरी मोठ्यानं उच्चारलं होतं. तांड्यावरच्या माणसांत कुणीतरी खोकलं.

“अगं राजमती,” बबनराव मास्तर प्रेमानं हसले. “बायका मागच्या बाजूला होत्या ना? त्यांना उलटं दिसलं. हात डावाच होता, आम्ही समोरून पाहिला. प्रदर्शनात आरशाचा प्रयोग तूच केलास की. सांग बरं सगळ्यांना, पडद्यामागून काय दिसतं ते.”

सगळे तिच्याकडे पाहत होते. इतकी सोपी गोष्ट होती. इतकी खरी. हात डावा म्हटला की ती बाई हेमली. हेमली म्हटली की मेलेली. आणि मेलेल्या माणसाला भाकर खायला घरी बोलावता येत नाही.

सेवादासनं मान वर केली. दुपट्टा दातांतून सुटला होता.

“उजवा होता, सर,” राजमती म्हणाली.

“नीट विचार कर.”

“उजवाच होता.”

“मग अक्षरं उलटी का दिसली बायकांना?”

“नाही दिसली. सुलटीच होती. आरशात उलटं होतं, सर. हे कापड आहे. कापडात नाही होत.”

आधी मागच्या रांगेत हसू फुटलं, मग ते पुढं आलं. “वा रे ढालवाली!” कुणीतरी ओरडलं. “पहिला नंबर हा!” मास्तरांचा चेहरा पडला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि हळू आवाजात म्हणाले, “मी हेच शिकवलं का तुला?” ते हळू आवाजातलं बोलणंही माइकनं उचललं आणि सगळ्यांना ऐकवलं.

राजमतीचे कान तापले. या गावात आता तिच्या लग्नापर्यंत, कदाचित तिच्या पोरांच्या लग्नापर्यंत, कापड आणि आरसा निघणार होता. ती माइकची दांडी धरून उभी राहिली.

आणि पडद्यामागून आवाज आला.

“काहून हासून राह्यले?” ती सुंदरबाई होती. “उजवाच होता! आमी काय आंधऱ्या हाओ?”

“हाव, उजवा!” म्हातारी ओरडली. “उजव्या हाताचं बोट! म्या सोताच्या डोयानं पाह्यलं!”

“तू त डोये मिटून होती ना वं?” कुणीतरी म्हणालं.

“तवा उघडे होते!”

मग सगळ्याच बोलायला लागल्या. त्यांच्या सावल्या पडद्यावर मोठ्या होऊन हलत होत्या, आणि प्रत्येक सावली उजवा हात वर करत होती. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी जे पाहिलं तेच सांगत होत्या. सगळ्यात शेवटी एक बारीक, कधीच चारचौघांत न निघालेला आवाज आला, आणि राजमतीला तो ओळखायला क्षणभर लागला. अंगुरीबाई म्हणत होती, “उजवा होता. मी पाहिला.”

बाप्यांतलं हसू हळूहळू थांबलं. माना एकेक करून नायकाकडे वळल्या.

मोहनसिंग काठी टेकून उठला. त्यानं पडद्याकडे पाहिलं, त्यावरच्या सावल्यांकडे. पडदा निघायला अजून वेळ होता, पण त्यावर आता काहीच नव्हतं, कुणी पुन्हा पाहून येईल असं.

“बायाईले उजवा दिसला,” तो म्हणाला, “त उजवा.”

“अहो नाईक, शास्त्र—” मास्तर म्हणाले.

“गुरुजी, तुमचं शास्त्र शाळेत.” तो पानठेलेवाल्याकडे वळला. “बाई परकी हाय. परक्या बाईले कोनी भाकर खाले बोलवो. त्यात पंचायतीचं काय काम?”

पानठेलेवाल्यानं सुपारी तोंडात टाकली आणि तो चावत राहिला.

माणसं उठायला लागली. गाडीवाल्यानं पडद्याच्या खालच्या गाठी सोडल्या. वाऱ्यानं पडदा मधूनच अंगावर येत होता आणि ताई तो हातानं बाजूला सारत होत्या. तेवढ्यात धनीबाई बांबूच्या कडेनं आली, बाप्यांच्या बाजूला. सेवादास तिच्या मागं जाऊन उभा राहिला, जरा अंतर ठेवून. राजमती माइकची तार गुंडाळायला मदत करत तिथंच होती. कुणी तिच्याशी बोलत नव्हतं.

“तुमी सांगसान तिले?” धनीबाईनं विचारलं.

ताईंनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांची नजर तिच्या हातांकडे गेली.

“पत्ता मी कुणाला देऊ शकत नाही, बाई. तसा शब्द दिलाय तिला. पण निरोप पोचवेन. ती येईल की नाही, ते मात्र—”

“तिची मर्जी.” धनीबाईनं मान हलवली. “नुसतं सांगा. मूर्तिजापूरले मोठी गाडी सोडाची. मंग लहान्या गाडीनं कारंज्याले याचं. तठून कामरगावची यष्टी. यष्टीवाल्याले म्हनाचं, गावाच्या आंधी फाट्यावर उतरून दे. फाट्यावर उतरली का मंग तिले...”

ती थांबली.

ताई थांबल्या. राजमतीच्या हातातली तार थांबली. मोहनसिंग पाठमोरा उभा होता, विडी पेटवत. काडी पेटली होती, पण विडीपर्यंत गेली नव्हती.

“फाट्यावर उतरली का,” धनीबाई पुन्हा म्हणाली, हळू, अगदी अनोळखी माणसाला सांगतात तशी, एकेक शब्द जपून ठेवत, “नाल्याच्या काठाकाठानं याचं. मोहाचं मोठं झाड लागंन. तठून पायवाट फुटते. मंग हिर दिसते. हिरीवर बाया राह्यते पान्याले, कोनालेही इचाराचं, धनीबाई कुठी राह्यते. तिले काही ठावूक नसंन ना. मनून सांगतो. अन् तांड्याजवळ आली का कुत्रे भुकते. भेवाचं नाही म्हना...”

काडी मोहनसिंगाच्या बोटांपर्यंत जळत आली होती. त्यानं ती टाकली आणि वहाणेखाली चिरडली.

“कुत्रे आमी बांधून ठेवू,” तो म्हणाला.